नियम 22 वर मी काय लिहिलं, आणि ज्यावर लिहायचं होतं त्याला रकानाच नव्हता

बाबांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आमच्या हातात यायच्या आधी शुगरच्या औषधांचा फोन आला, तिथून माझं हे सगळं सुरू झालं. दुपारी तीनचा सुमार, बाबा झोपलेले, फोन मी उचलला, तर पलीकडून एक मुलगी बाबांचं पूर्ण नाव घेऊन म्हणाली की सरांचं एचबीएवनसी वाढलंय ना, आमच्याकडे त्यासाठी प्रोग्रॅम आहे. मी विचारलं तुम्हाला कोणी सांगितलं, तर म्हणाली मॅडम, सिस्टिमला दिसतंय. रिपोर्टची पीडीएफ संध्याकाळी सहाला आली आणि आकडा खरंच वाढलेला होता. म्हणजे बाबांना डायबेटिस आहे हे घरात कोणालाही कळायच्या आधी कुठल्यातरी कॉल सेंटरला कळलं होतं. लॅबचं नाव मी लिहित नाही, कारण त्यांच्याकडूनच फुटलं हे मला सिद्ध करता आलं नाही, आणि खरा त्रास तोच आहे की कुठून फुटलं हे आपल्याला कधीच कळत नाही. लॅब म्हणते आमच्याकडून नाही, ज्या अ‍ॅपवरून बुकिंग केलं ते म्हणतात आम्ही फक्त मध्यस्थ, फोनवाली मुलगी नंबर कट करते.

बाबा काही बोलले नाहीत, फक्त दोन दिवस कोणाचा फोन उचलला नाही. ते मला फार लागलं.

तक्रार कुठे करायची हे शोधायला बसले तेव्हा कळलं की डेटा संरक्षणाचा कायदा तर आपल्याकडे झालाय, ऑगस्ट 2023 मध्येच, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, पण तो लागूच झालेला नाही कारण नियम आले नाहीत. त्याच्या मागची गोष्ट अजून लांब आहे. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत अधिकार आहे, तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, त्यांनी 2012 मध्ये आधारच्या विरोधात याचिका केली होती. मग कायद्याचा मसुदा करायला श्रीकृष्ण समिती, मग 2019 चं विधेयक, ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं, 2022 मध्ये मागे घेतलं, परत नवं आणलं, आणि शेवटी 2023. सहा वर्षं. आणि पुढे नियमांसाठी अजून वाट. त्या काळात आपला किती डेटा कुठे कुठे जाऊन बसला असेल याचा विचार केला तरी पोटात कालवतं.

3 जानेवारी 2025 ला नियमांचा मसुदा आला आणि सरकारने लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या, मुदत 18 फेब्रुवारी. मी ठरवलं की मी पाठवणार. मी शाळेत शिकवते, वकील नाही, पण नागरिकशास्त्र शिकवताना मी दरवर्षी मुलांना सांगते की कायदा करताना लोकांचं मत घेतात, आणि आजवर मी स्वतः एकदाही ते दिलेलं नव्हतं.

कसं वाचलं ते नीट सांगते कारण पहिले तीन दिवस माझे फुकट गेले. मी आधी बातम्याच वाचत बसले. दहा बातम्या वाचल्या, सगळ्यांत तेच, मुलांना सोशल मीडियासाठी आईवडिलांची परवानगी लागणार वगैरे. बातमी वाचून आपल्याला मत तयार होतं पण लिहायला काही हाताला लागत नाही, कारण हरकत घ्यायची तर कुठल्या ओळीवर ते सांगावं लागतं. मग मी मूळ मसुदा प्रिंट केला आणि वाचायला घेतला, तरी कळेना, कारण प्रत्येक नियमात कलम अमुकनुसार, कलम तमुकनुसार, आणि ते कलम असतं मूळ कायद्यात. मग कायदा पण प्रिंट केला, दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले, आणि नियम एक वाचला की त्याचं कलम उघडायचं, पेन्सिलने समासात मराठीत लिहायचं याचा माझ्यासाठी अर्थ काय. असं केल्यावर आठवडाभरात सगळं वाचून झालं. कोणी पाठवणार असेल तर मी हेच सांगेन, बातमी बाजूला ठेवा, दोन गठ्ठे घ्या.

आधी चांगलं काय ते. डेटा फुटला तर कंपनीने ज्याचा फुटला त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं, या कायद्याखालच्या डेटा संरक्षण बोर्डालाही कळवायचं, आणि 72 तासांत बोर्डाला सविस्तर माहिती द्यायची, हे मसुद्यात होतं. मला हे वाचून बरं वाटलं, कारण आज कोणी सांगतच नाही. संमतीची नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा हे मूळ कायद्यात आहे, म्हणजे मराठीतही. चांगलं आहे, मनापासून सांगते. सुरक्षेची काळजी न घेतल्यामुळे डेटा फुटला तर दंड 250 कोटींपर्यंत.

पण मग मी शोधायला लागले की त्या 250 कोटीतलं बाबांना काय. काहीच नाही. दंड सगळा भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जातो. उलट जुन्या आयटी कायद्यात कलम 43 ए होतं, कंपनीच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर भरपाई मागता यायची, ते कलमच या नव्या कायद्याने काढून टाकायचं ठरवलंय. आणि ज्याचा डेटा त्याचीही कर्तव्यं लिहिली आहेत, खोटी किंवा फालतू तक्रार केली असं ठरलं तर त्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड. मी हे तीनदा वाचलं. मला तर सिद्धच करता आलं नव्हतं कुठून फुटलं, मग माझी तक्रार कशात बसली असती?

तरी हे सगळं मी बाजूला ठेवलं असतं, पण नियम 22 वर येऊन थांबले ते थांबलेच.

नियम 22 आणि त्याच्या मागचं कलम 36. त्याचा साधा अर्थ असा की केंद्र सरकार त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत कुठल्याही कंपनीकडून माहिती मागवू शकतं. कशासाठी ते नियमांच्याच सातव्या अनुसूचीत दिलंय, देशाचं सार्वभौमत्व, अखंडता, राज्याची सुरक्षा, आणि त्याच्यापुढे कुठल्याही कायद्याखालचं काम पार पाडायला. आता हे शेवटचं बघा किती रुंद आहे, कुठल्याही कायद्याखालचं कुठलंही काम. कोर्टाची परवानगी? नाही. नंतर कोणीतरी तपासणार का की मागितलं ते गरजेचं होतं? तेही नाही. आणि त्याच नियमात पुढे असं की सुरक्षेला बाधा येईल असं असेल तर कंपनीने हे कोणाला सांगायचं नाही, लेखी परवानगीशिवाय. म्हणजे बाबांचा रिपोर्ट कॉल सेंटरला गेला तर निदान फोन तरी आला, इथे तर आपल्याला कळणारच नाही कधी.

मी तुलना करायला म्हणून शोधलं की फोन टॅप करायचा असेल तर काय असतं. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सांगितलं होतं की टॅपिंगची ऑर्डर गृहसचिवाच्या पातळीवर निघाली पाहिजे, त्याला मुदत पाहिजे, आणि रिव्ह्यू कमिटीने ती तपासली पाहिजे. त्यातही न्यायाधीश नाहीच, सगळं सरकारच्या आतच, आणि ते किती नीट चालतं यावर लोकांनी प्रश्न उठवलेत, पण कागदावर का होईना एक चौकट आहे. तीस वर्षांपूर्वीच्या फोनसाठी जेवढी चौकट होती तेवढीही आजच्या फोनसाठी नाही, ज्या फोनमध्ये आपलं सगळं आयुष्य आहे. मी हरकतीत हाच मुद्दा मुख्य ठेवला. सुरक्षेला माझा विरोध नाही, पण ऑर्डर लेखी असावी, कारण लिहिलेलं असावं, स्वतंत्र माणसाने तपासावी, आणि काम झाल्यावर ठराविक काळाने त्या व्यक्तीला कळवावं. एवढंच मागितलं.

नियम 10 माझ्या जास्त जवळचा. 18 वर्षांखालच्या सगळ्यांसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती. वरवर कोणालाही पटेल, मलाही पटलं होतं. मग वर्गातली एक मुलगी आठवली, तिचं काहीही ओळखू येईल असं लिहित नाही, पण तिच्या घरी जे चाललं होतं ते तिने आधी फोनवर एका मदत करणाऱ्या ठिकाणी लिहून सांगितलं होतं आणि मग माझ्याकडे आली. तिला जर तिथे लॉगिन करायला वडिलांची परवानगी लागली असती तर? कारण त्रास वडिलांचाच होता. सतरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांची मुलगी यांना एकच नियम, हे मुलांबरोबर राहणारा कोणी लिहिणार नाही. आणि दुसरी गोष्ट, मूल कोण हे ओळखायचं म्हणजे मोठ्यांनाही सिद्ध करावं लागणार की आम्ही मोठे आहोत, म्हणजे सगळ्यांचीच ओळखपत्रं अजून दहा ठिकाणी. प्रायव्हसीच्या नियमामुळे डेटा जास्त गोळा होणार. हे मी वर्गातल्या अनुभवासकट लिहिलं आणि मला वाटतं माझ्या सगळ्या लिखाणात तेवढा एकच भाग असा होता जो दिल्लीतल्या कुठल्या वकिलाला लिहिता आला नसता.

आता काकांचं सांगते, कारण त्यांच्यामुळे माझं सगळं लिहिणं बदललं.

आमच्या शेजारचे काका रिटायर झाल्यापासून माहिती अधिकाराचे अर्ज करतात. आपल्या राज्यात 2005 च्या केंद्राच्या कायद्याच्या आधीच स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता, त्यासाठी उपोषणं झाली, काकांसारखी माणसं तेव्हापासूनची आहेत. त्यांच्याकडे एक जाड बॉक्स फाइल आहे, त्यात जोडपत्र अ चे अर्ज, प्रत्येकावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पोच, उत्तरं, सगळं तारखेनुसार. मी गठ्ठे पसरून बसले होते ते बघून आत आले, म्हणाले काय गं, परीक्षेचे पेपर का? मी सांगितलं असं असं, प्रायव्हसीचा कायदा. त्यांनी विचारलं, "44 कलम वाचलंस का?" मी म्हटलं, "काका, ते शेवटचं आहे, इतर कायद्यांत दुरुस्त्या वगैरे, ते मी सोडलं." तर म्हणाले, "तेच वाच आधी."

वाचलं. कलम 44 चं पोटकलम 3. दोन ओळींचं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या 8(1)(j) मध्ये आधी असं होतं की वैयक्तिक माहिती नाकारता येईल, पण कधी, तर तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल किंवा उघड केल्याने त्या व्यक्तीच्या खाजगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल तर, आणि तरीही व्यापक जनहित असेल तर जन माहिती अधिकारी ती देऊ शकायचा. आणि खाली एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट होती, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. नव्या कायद्याने हे सगळं जाऊन तिथे फक्त एवढं राहिलं, वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. बस. अटी गेल्या, जनहित गेलं, परंतुक गेलं.

काकांनी फाइल उघडून मला एक झेरॉक्स दाखवली. तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राचा हजेरीपट, दोन महिन्यांचा. एका डॉक्टरच्या नावापुढे रोज सही आणि लोक सांगतात की डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. सह्या सगळ्या एकाच दिवशी एकाच पेनाने केल्यासारख्या, अक्षराचा कल सुद्धा सारखा, एका रविवारी पण सही. काकांनी त्या रविवारभोवती लाल गोल केलेला होता. ही झेरॉक्स मिळाली म्हणून पुढे चौकशी झाली. काका म्हणाले, "यात डॉक्टरचं नाव आहे, सही आहे, म्हणजे ही वैयक्तिक माहिती. उद्या मला हे मिळणार नाही. आणि हे मिळालं नाही तर मी मागू काय, इमारतीचा रंग?"

मी त्या रात्री झोपले नाही नीट. कारण मी प्रायव्हसी प्रायव्हसी करत होते बाबांसाठी, आणि ज्या कायद्याची मी वाट बघत होते त्याने बाबांना भरपाई दिली नाही, सरकारला आमचा डेटा बघायला दार उघडं ठेवलं, आणि सरकारी हजेरीपट मात्र वैयक्तिक ठरवला. मला वाटतं खाजगीपणा हा ज्याच्याकडे ताकद कमी त्याच्यासाठी असतो. बाबांची शुगर ही बाबांची खाजगी गोष्ट आहे. डॉक्टर ड्युटीवर आला का नाही ही नाही, कारण त्याचा पगार लोक देतात आणि दारात लोक बसलेले असतात. रेशनच्या याद्या, रोजगार हमीची मस्टर, हे सगळं नावांसकट भिंतीवर लागतं म्हणून तर खोटी नावं सापडतात.

सरकारचं म्हणणं आहे की कलम 8(2) तसंच आहे, जनहित जास्त असेल तर माहिती देता येते. खरं आहे, 8(2) आहे. पण काकांनी मला व्यवहारातलं सांगितलं, आधी जनहिताचा विचार त्याच कलमात होता, टेबलवरच्या माहिती अधिकाऱ्याला तो करावाच लागायचा, आता तो नाही म्हणेल, ते त्याला सोपं, आणि 8(2) साठी अर्जदाराने वर वर भांडत जायचं, प्रथम अपील, मग राज्य माहिती आयोगात दुसरं अपील, तिथे नंबर लागेपर्यंत डॉक्टरची बदली झालेली असते.

तर मी ठरवलं माझी पहिली हरकत 44(3) वर. आणि फॉर्म उघडला तर तिथे नियमांवार रकाने. नियम 1, नियम 2, असं. 44(3) हे नियमात नाहीच, ते कायद्यात आहे, कायदा आधीच मंजूर झालाय. म्हणजे ज्या एका गोष्टीने सगळ्यात जास्त नुकसान होणार होतं तिच्यावर बोलायला जागाच नव्हती, जागा जिथे होती ती फक्त तपशिलावर. मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, कारण त्या विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर 2022 मध्ये लोकांपुढे ठेवला होता, बोलायची वेळ तेव्हा होती. तेव्हा मला ती बातमी दिसली होती आणि मी पुढे सरकवली होती. हे मला आजही सलतं.

मग मी दोन कामं केली. हरकतीत नियम 22 च्या रकान्यात नियम 22 बद्दलच लिहिलं, नीट, आणि तिथेच एक वाक्य टाकलं की सरकार नागरिकाची माहिती घेण्याचा अधिकार वाढवताना 44(3) ने नागरिकाचा सरकारची माहिती घेण्याचा अधिकार कमी होतोय, दोन्ही एकत्र वाचावं. आणि 44(3) साठी वेगळं पत्र खासदारांना, कारण कायदा बदलायचा तर तो संसदेतच बदलणार.

लिहिण्याबद्दल एक सांगते. माझा पहिला खर्डा सात पानांचा होता. भावाला पाठवला, तो म्हणाला, "ताई, हे भाषण झालं. वाचणाऱ्याने नेमकं काय बदलायचं ते कुठेय?" मला राग आला पण त्याचं बरोबर होतं. मग प्रत्येक मुद्द्याला तीनच गोष्टी ठेवल्या, कुठली ओळ, तिने कोणाला काय होईल, आणि त्याऐवजी कुठले शब्द घालावेत. ते तिसरं सगळ्यात अवघड. चुकीचं आहे हे म्हणणं सोपं जातं, पण बरोबर वाक्य कसं असेल ते लिहायला बसलं की कळतं आपल्याला नक्की काय हवंय. नियम 22 चं माझं पर्यायी वाक्य लिहायला मला दोन रविवार लागले. सात पानांची अडीच झाली.

तेवढ्यात मुदत 5 मार्चपर्यंत वाढली, मग मी स्टाफरूममध्ये विषय काढला. बऱ्याच जणी म्हणाल्या तू पाठव, आमचं नाव घाल. नाव घालून चालत नाही, प्रत्येकीने आपापलं लिहायला पाहिजे. काहींनी विचारलं तयार मजकूर दे, कॉपी पेस्ट करतो. मी दिला नाही, आणि याबद्दल माझ्याशी वाद घालणारे आहेत, कारण 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइटना सारखी वागणूक मिळावी या मागणीच्या वेळी ट्राय या दूरसंचार नियामकाकडे 10 लाखांहून जास्त ईमेल गेले ते बहुतेक तयार मजकुराचेच आणि त्याचा उपयोग झाला, फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने वेगवेगळ्या साइटना वेगवेगळा डेटा दर लावायला मनाई केली. संख्येची ताकद असतेच. पण तिथे एक प्रश्न होता आणि लाखो लोक होते. इथे बावीस नियम आणि आम्ही सहा बायका. सहा सारखे कागद एक म्हणून मोजले जातील, सहा वेगळे अनुभव सहा म्हणून. शेवटी चौघींनी पाठवलं, प्रत्येकीने आपल्याला जे झोंबलं तेवढंच लिहिलं. एकीने फक्त तिच्या मुलाच्या अभ्यासाच्या अ‍ॅपबद्दल आठ ओळी लिहिल्या, आणि काय सुंदर लिहिल्या होत्या.

एकीने मात्र विचारलं की आपलं नाव बाहेर येईल का, सरकारी नोकरी आहे. प्रश्न बरोबर होता, कारण 2015 च्या त्याच वेळी ट्रायने आलेले ईमेल साइटवर टाकले ते पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट, लाखो लोकांचे ईमेल पत्ते एका दिवसात उघडे. यावेळी आयटी मंत्रालयाने सांगितलं होतं की सूचना उघड करणार नाही, विश्वस्त म्हणून जपून ठेवू. तिच्यासाठी ते चांगलंच. पण त्याचा अर्थ असाही होतो की मोठ्या कंपन्यांनी काय मागितलं हेही आपल्याला दिसणार नाही. मला वाटतं सामान्य माणसाचं नाव झाकावं आणि कंपन्या-संघटनांच्या सूचना उघड्या ठेवाव्यात, हे काही अवघड नाही. हेही मी लिहिलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सबमिट केलं. पोच क्रमांक आला, तो मी वहीत लिहून ठेवला. मग आठ महिने काही नाही.

14 नोव्हेंबर 2025 ला अंतिम नियम आले. शुक्रवार होता, मधल्या सुट्टीत फोनवर बघितलं. सरकारने सांगितलं एकूण 6,915 सूचना आल्या. त्यातल्या चार आमच्या शाळेच्या. मी सरळ नियम 22 शोधला, तो आता 23 नंबरला गेला होता. वाचला, जवळपास तसाच. लेखी कारण नाही, तपासणारा नाही, न सांगण्याची अट आहे. माझे दोन रविवार कुठेच नव्हते. वर एक नवीन भर, कंपन्यांनी आपला डेटा आणि लॉग निदान एक वर्ष ठेवायचे, म्हणजे मी सांगितलं काढून टाका तरी. बहुतेक नियम 18 महिन्यांनी लागू होणार, म्हणजे डेटा फुटल्यावर कळवायची सक्ती 2027 च्या मे मध्ये. आणि जे त्याच दिवशी लगेच लागू झालं त्यात काय होतं, तर 44(3). आपल्याला संरक्षण दीड वर्षाने, हजेरीपट बंद त्याच दिवशी.

संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांना कळलं होतं. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या सकाळपासून फाइल घेऊन बसलेत. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

मी खचले होते हे खोटं कशाला सांगू. पण पुढच्या पंधरा दिवसांत दुसरी गोष्ट झाली. दूरसंचार विभागाने 28 नोव्हेंबरला मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना आदेश दिला होता की संचार साथी हे सरकारी अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये 90 दिवसांत आधीच टाकून द्यायचं, ते बंद करता येता कामा नये, जुन्या फोनमध्ये अपडेटमधून घालायचं. ही बातमी 1 डिसेंबरला बाहेर आली. त्याच दिवशी संसदेचं अधिवेशन सुरू झालं होतं. चोरीचा फोन शोधायला अ‍ॅप चांगलं असेलही, ज्याला हवं तो टाकेल, पण माझ्या फोनमध्ये काय असावं आणि काय काढावं हे मला विचारल्याशिवाय ठरवायचं म्हणजे फोन माझा कुठे राहिला. आम्ही चौघी रात्रीच बसलो. यावेळी दोन गठ्ठे लागले नाहीत, सवय झाली होती, खासदारांना ईमेल, ओळ कुठली, होणार काय, त्याऐवजी काय. मी लिहिलं, अ‍ॅप ऐच्छिक ठेवा, आदेश मागे घ्या. देशभर हजारो लोक बोलत होते, वकील, पत्रकार, विरोधी पक्ष, कंपन्या. 2 तारखेला दूरसंचार मंत्री म्हणाले नको असेल तर डिलीट करा, आणि 3 डिसेंबरला सक्तीच काढून टाकली. तीन दिवस. आमच्या चार ईमेलमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण 6,915 मध्ये मी होते आणि काही हललं नाही, इथेही मी होते आणि हललं, आणि फरक मला असा दिसतो की तिथे सगळं कलमांत लपलेलं होतं, आणि इथे प्रत्येकाला आपला फोन डोळ्यासमोर दिसत होता. 44(3) लोकांना असं दिसायला पाहिजे, हजेरीपटासारखं, लाल गोलासकट. तेव्हापासून मी जिथे बोलते तिथे कलमाचा नंबर नंतर सांगते, आधी त्या रविवारच्या सहीचं सांगते.

डिसेंबरमध्ये काकांनी मुद्दाम परत अर्ज केला. तेच केंद्र, तोच हजेरीपट, पुढचे दोन महिने. उत्तर 28 व्या दिवशी आलं, एका ओळीचं, मागितलेली माहिती वैयक्तिक माहितीशी संबंधित असल्याने कलम 8(1)(j) नुसार देता येत नाही. याआधी त्याच कार्यालयाने तीच माहिती दिली होती, झेरॉक्स आमच्याकडे आहे.

प्रथम अपील मी लिहिलं, काकांनी सांगितलं तसं. जोडपत्र ब, 20 रुपयांचा स्टॅम्प. त्यात कलम 8(2) घातलं, आधी दिलेल्या हजेरीपटाची प्रत जोडली, त्या चौकशीचा संदर्भ दिला, आणि लिहिलं की आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर आहे का हे तिथे रांगेत बसलेल्या माणसाच्या जिवाशी संबंधित आहे, त्यापुढे हजेरीची सही झाकण्यात कोणाचं कुठलं हित जपलं जातं ते लेखी सांगावं. काकांनी वाचलं, एक शब्द बदलला, सही केली. म्हणाले, "सुनावणीला तू पण चल. दोन माणसं असली की साहेब नीट ऐकतात."

सुनावणी पुढच्या गुरुवारी साडेअकराला आहे. मी रजेचा अर्ज टाकलाय.